तीन आवाज आणि मुक्तीची गाडी : ‘इम्प्रेशन्स’ची गाणी साठ वर्षांनंतरही का टिकली?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याबद्दल आपल्याकडे बोलणे निघाले की ठरलेली नावे येतात. मार्टिन ल्युथर किंग, माल्कम एक्स, रोझा पार्क्स, ब्लॅक पँथर. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामीची प्रथा मोडणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केला आणि बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले, हेही आता चळवळीतल्या बहुतेक तरुणांना पाठ आहे. १९७२ च्या दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले. नाते एवढे जुने, पण त्या लोकांची गाणी मात्र आपण फारशी ऐकत नाही. ऐकली तर बॉब मार्ले. मार्ले अमेरिकेचाही नव्हता, तो जमैकाचा. आणि किंग्स्टनच्या वस्तीत मार्ले, पीटर टॉश आणि बनी वेलर ही पोरे ‘वेलर्स’ म्हणून गायला लागली तेव्हा ज्यांच्या रेकॉर्डी समोर ठेवून ती तीन आवाज जुळवायला शिकली, तो गट शिकागोचा होता. त्याचे नाव ‘द इम्प्रेशन्स’.

या गटावर लिहिण्याचे कारण केवळ संगीताची आवड हे नाही. चळवळीच्या गाण्याबद्दल आपल्यात दोन समज घट्ट रुजले आहेत. एक असा की चळवळीचे गाणे हे प्रचाराचे साधन, मोर्चा संपला की त्याचे काम संपले. दुसरा समज विद्यापीठांतल्या मंडळींचा. कलेत राजकारण आले की कला उणी होते, आणि टिकते ते ‘शुद्ध’ गाणे. इम्प्रेशन्सच्या रेकॉर्डी हे दोन्ही समज खोटे ठरवतात. ती गाणी थेट चळवळीतून आली, मोर्चात गायली गेली, आणि चळवळीचा तो टप्पा उलटून गेल्यावरही नव्या पिढ्या ती ऐकतात. असे का व्हावे, याचे उत्तर ‘आवाज गोड होते’ एवढ्यावर भागत नाही.

आधी माणसे कुठून आली ते पाहू. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसे दक्षिणेतली गावे आणि कापसाची शेते सोडून उत्तरेच्या शहरांत गेली. इतिहासात याला महास्थलांतर म्हणतात. जातीच्या गावगाड्यातून बाहेर पडण्यासाठी बाबासाहेबांनी शहराची वाट का दाखवली, हे ज्यांना कळते त्यांना या साठ लाखांची पावले वेगळी समजावून सांगायची गरज नाही. शिकागो हे त्या वाटेवरचे मोठे ठिकाण. मिसिसिपीतून इलिनॉय सेंट्रल कंपनीची रेल्वे थेट तिथे जायची. जेरी बटलर मिसिसिपीत जन्मला आणि लहानपणीच शिकागोला आला. कर्टिस मेफील्ड १९४२ साली शिकागोतच जन्मला, आजीच्या छोट्याशा चर्चमध्ये गात वाढला, आणि पुढे कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी चाळवजा वसाहतीत राहिला. सॅम गुडन, फ्रेड कॅश आणि रिचर्ड व आर्थर ब्रुक्स हे भाऊ टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा या गावचे. कॅश सोडून बाकीचे शिकागोला आले, बटलर आणि मेफील्ड त्यांना मिळाले, आणि गट उभा राहिला.

१९५८ साली ‘फॉर युअर प्रेशस लव्ह’ हे पहिले गाणे गाजले. पण रेकॉर्ड हातात आली तेव्हा त्यावर गटाच्या नावाआधी जेरी बटलरचे नाव छापलेले होते. ‘जेरी बटलर आणि इम्प्रेशन्स’. बिनसायला एवढे पुरेसे झाले, आणि थोड्याच दिवसांत बटलर बाहेर पडला. पत्रिकेवर कुणाचे नाव वर आणि कुणाचे खाली यावरून आपल्याकडे किती गट फुटले, हे आम्ही इथे मोजत बसत नाही. फरक एवढाच की यांच्यातले भांडण वैरात गेले नाही. सोळा वर्षांचा मेफील्ड पुढे बटलरच्याच मागे गिटार वाजवत हिंडला, त्याच्यासाठी गाणी लिहिली, पैसे साठवले, आणि त्या पैशावर आपला जुना गट पुन्हा उभा केला. बटलरच्या जागी चॅटनूगाहून फ्रेड कॅश आला. १९६१ च्या ‘जिप्सी वुमन’ने गट पुन्हा लोकांसमोर आला. नंतर ब्रुक्स बंधू गेले आणि राहिले तिघे : मेफील्ड, गुडन, कॅश. आज लोक ज्याला इम्प्रेशन्स म्हणून ओळखतात ते हेच तिघे.

आता गाण्याच्या रचनेकडे येऊ, कारण आमच्या मते टिकण्याचे पहिले कारण तिथे आहे. त्या काळच्या बहुतेक गायक-गटांत एक मुख्य गायक पुढे असे आणि बाकीचे मागे राहून स्वर भरत. आपल्या पोवाड्यात शाहीर पुढे आणि झीलकरी मागे असतात तसेच. इम्प्रेशन्सनी ही उतरंड मोडली. ओळ एक जण सुरू करतो, मध्येच दुसरा ती उचलतो, तिसरा खालच्या पट्टीत पुढे नेतो आणि मग तिघे एकत्र येतात. पुढारी कोण हे ऐकणाऱ्याला ठरवता येत नाही. १९६३ च्या ‘इट्स ऑल राइट’मध्ये हे स्पष्ट ऐकू येते. ही पद्धत त्यांनी शोधलेली नव्हती, चर्चमध्ये गाणाऱ्या गॉस्पेल गटांत ती आधीपासून होती. त्यांनी ती चर्चच्या दारातून बाहेर काढून रेडिओवर आणली. ‘आम्ही’ हा शब्द या गाण्यांत पुन्हा पुन्हा येतो, आणि तो नुसता शब्द राहत नाही, कारण आवाजच तसे बांधलेले आहेत. समाजशास्त्राच्या वर्गात समूहभान या विषयावर आम्ही बरीच पाने वाचली. तीन मिनिटांच्या रेकॉर्डीत ते इतके सरळ ऐकू येईल असे तेव्हा वाटले नव्हते.

मेफील्डचा आवाज उंच आणि नाजूक, जवळजवळ बायकी म्हणावा असा. तो ओरडत नाही. चळवळीचे गाणे म्हणजे पहाडी आवाज आणि वर काढलेली मूठ, असे ज्यांना वाटते त्यांना हा आवाज सुरुवातीला चळवळीचा वाटणारच नाही. पण कृष्णवर्णीय पुरुष म्हटला की दांडगा, हिंसक, धोकादायक असे चित्र गोऱ्या समाजाने शंभर वर्षे रंगवले होते. त्या चित्राला या आवाजाने दिलेले उत्तर घोषणेपेक्षा खोल जाते. गिटारचेही तसेच. मेफील्ड कुणाकडे शिकला नाही. गिटार हाती आली तेव्हा त्याने ती पियानोच्या काळ्या पट्ट्यांवरच्या सुरांना जुळवून घेतली आणि आयुष्यभर तशीच वाजवली. रूढ पद्धतीने जुळवलेल्या गिटारवर शिकलेल्यांना त्याची नक्कल करणे जड जाते, ते यामुळेच. आणि जॉनी पेट या कृष्णवर्णीय संगीत-संयोजकाने ब्रास आणि व्हायोलिनची जी जोड दिली, तिने या गाण्यांना मोठ्या सभागृहाचा रुबाब दिला. गरिबांचे गाणे म्हणून ते गरीब ऐकू येता कामा नये, ही जाण त्यात होती.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. इम्प्रेशन्सची बहुसंख्य गाणी प्रेमाची आहेत. काही अभ्यासक ही गाणी बाजूला सारून फक्त ‘संदेशाची’ गाणी निवडतात. आम्हाला हे पटत नाही. १९६४ चे ‘आय अ‍ॅम सो प्राउड’ हे एका पुरुषाने आपल्या प्रेयसीबद्दल अभिमानाने गायलेले गाणे आहे. ज्या समाजात गुलामीच्या काळात नवरा-बायकोला वेगवेगळ्या मालकांना विकले जाई, त्या समाजातला पुरुष आपल्या बाईचा अभिमान उघडपणे, हळुवारपणे गातो, यात राजकारण नाही असे कोण म्हणेल?

मग ती ‘संदेशाची’ गाणी. १९६३ हे वर्ष त्या लोकांना फार जड गेले. जूनमध्ये मिसिसिपीत मेडगर एव्हर्स यांचा त्यांच्या घरासमोर खून झाला. २८ ऑगस्टला वॉशिंग्टनचा विराट मोर्चा झाला, आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १५ सप्टेंबरला, बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली मारल्या गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात, नागरी हक्क कायदा मंजूर होण्याच्या सुमाराला, ‘कीप ऑन पुशिंग’ रेडिओवर वाजू लागले. पुढे सरकत राहा, थांबू नका, असे सांगणारे ते गाणे. मोर्चेकऱ्यांनी ते लगेच उचलले. त्याच नावाच्या रेकॉर्डचे वेष्टन बॉब डिलनच्या १९६५ च्या ‘ब्रिंगिंग इट ऑल बॅक होम’ या रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर दिसते. डिलनला निषेधगीतांचा मोठा कवी म्हणून जगभर ओळखतात, आपल्याकडेही. त्याच्या खोलीत कुणाची रेकॉर्ड पडलेली होती, हे मात्र फार कमी जण पाहतात.

‘कीप ऑन पुशिंग’बद्दल मेफील्डने नंतर मुलाखतींत सांगितलेली एक गोष्ट आम्हाला बौद्ध म्हणून फार मोलाची वाटते. गाणे मुळात चर्चच्या धर्तीचे होते. तिथल्या भाषेत माणसाला बळ देणारा देव असतो. मेफील्डने तेवढा एक शब्द काढला, आणि बळ गाणाऱ्याच्याच पदरी ठेवले. चाल तीच, टाळ्या त्याच, आवाजांची बांधणी तीच, पण आता आधार वरून येत नाही. ‘अत्त दीप भव’ हे ज्यांनी ऐकलेले आहे त्यांना या एका शब्दाच्या बदलाचे वजन कळेल. मेफील्ड बुद्धवादी झाला असे आम्ही म्हणत नाही. तो ख्रिस्ती परंपरेतच वाढला आणि तिचे शब्द त्याने कधी टाकून दिले नाहीत. पण चळवळीच्या भट्टीत धर्माची भाषा कशी वितळते आणि माणसाच्या हातात येते, त्याचा हा पुरावा आहे.

यावर आपल्यातले काही जण हरकत घेतील, आणि घ्यावी. कारण त्यांचे सर्वात प्रसिद्ध गाणे ‘पीपल गेट रेडी’, १९६५ च्या सुरुवातीचे, सरळसरळ देवाच्या गाडीचे आहे. गाडी येते आहे, सामान लागत नाही, तिकीट लागत नाही, विश्वास असला की बसता येते. हा तर परलोकाचा वायदा झाला! चोखोबा पायरीशी उभे राहून विठ्ठलाची करुणा भाकत राहिले आणि पायरी होती तिथेच राहिली, हे आपण विसरलेलो नाही. बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ १९४८ साली नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला, पण त्यांची वाट काही धरली नाही. मग देवाच्या गाडीचे गाणे आपण कोणत्या तोंडाने वाखाणायचे?

उत्तर गाडीच्या इतिहासात आहे. गुलामीच्या काळात दक्षिणेतून उत्तरेला पळून जाणाऱ्यांना मदत करणारे गुप्त जाळे होते, त्याला लोक ‘भूमिगत रेल्वे’ म्हणत. लपायची घरे ती स्टेशने, वाट दाखवणारे ते कंडक्टर. हॅरिएट टबमन ही अशीच एक कंडक्टर. मालकासमोर उघड बोलता येत नव्हते तेव्हा भजनातली गाडी ही पळून जाण्याची भाषा होती. पुढे रेल्वे खरीच आली, तर तिच्यात रंगभेद बसला. १८९२ मध्ये लुईझियानात होमर प्लेसी पहिल्या वर्गाचे तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात बसला म्हणून त्याला अटक झाली, आणि १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ म्हणत तो भेदभाव कायदेशीर ठरवला. तिकीट खिशात असूनही डबा नाकारला गेला. आपल्याला हे कळायला लांब जावे लागत नाही. १९०१ साली बालपणी भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले, मसूर स्टेशनवर उतरले. स्वच्छ कपड्यांतली मुले पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, आणि महार असे उत्तर ऐकताच त्याचा चेहरा बदलला. रेल्वेने तिकिटाचे पैसे घेतले होते, तिथवर जात आडवी आली नव्हती. ती फलाटावर उभी होती. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

तर ज्या लोकांना तिकीट काढूनही बसू दिले गेले नाही, त्यांच्यातला एक बावीस वर्षांचा तरुण तिकीट न लागणाऱ्या गाडीचे गाणे लिहितो. ते ऐकणाऱ्या शिकागोतल्या प्रत्येक घरात कुणीतरी आई, आजी, मामा खऱ्या गाडीत बसून मिसिसिपीहून आलेले होते. त्या गाडीत स्वर्गाइतकीच मिसिसिपीची धूळ होती. आणि एक गोष्ट हरकत घेणाऱ्यांनी नीट ऐकावी. त्या गाडीत सर्वांना जागा नाही. स्वतःच्या बचावासाठी साऱ्या मानवजातीला इजा करणाऱ्याला तिथे जागा नाकारलेली आहे. इतक्या गोड चालीत इतका कठोर निवाडा बसवणे, हे त्या गाण्याचे खरे बळ आहे. ते रेडिओवर आले आणि काही आठवड्यांत सेल्माचा मोर्चा झाला. किंग यांच्या कार्यकर्त्यांनी ते आपले गाणे मानले.

तरीही आम्ही एवढ्यावर थांबणार नाही. कारण टिकण्याचेही एक राजकारण असते. ‘पीपल गेट रेडी’ सर्वांनी गायले. अरेथा फ्रँकलिनने १९६८ मध्ये, १९८५ मध्ये जेफ बेक आणि रॉड स्टुअर्ट या इंग्रज गोऱ्या कलाकारांनी, आणि त्यांच्या आधी-नंतर कितीतरी जणांनी. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात घेतले. चांगलेच झाले. पण १९६७ च्या अखेरीस आलेले ‘वी आर अ विनर’ हे तितके कुणी गायले नाही. त्यात गाडीची वाट पाहणे संपले आहे. आम्ही जिंकणारे आहोत, असे थेट वर्तमानकाळात सांगितले आहे. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेले, तरीही काही रेडिओ स्टेशनांनी ते वाजवायला नकार दिला. जेम्स ब्राउनचे काळेपणाचा अभिमान सांगणारे प्रसिद्ध गाणे यानंतर काही महिन्यांनी, १९६८ मध्ये आले. प्रस्थापितांच्या स्मरणात पीडितांची प्रार्थना राहते आणि त्यांचा दावा विसरला जातो. बाबासाहेबांचे काय होते ते आपण पाहतोच. घटना लिहिणारे बाबासाहेब सर्वांना चालतात, ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ लिहिणारे चालत नाहीत.

१९६८ च्या एप्रिलमध्ये किंग यांचा खून झाला, शिकागोच्या वस्त्या जळाल्या. त्याच वर्षी इम्प्रेशन्सची ‘धिस इज माय कंट्री’ ही रेकॉर्ड आली. तिच्या मुखपृष्ठावर हे तिघे पडक्या, मोडक्या इमारतीसमोर झकास सूट घालून उभे आहेत. शीर्षक म्हणते हा माझा देश, आणि मागे दिसते देशाने त्यांना काय दिले ते. शीर्षकगीतात देशावरचा हक्क पिढ्यान्‌पिढ्यांच्या घामातून आणि चाबकाच्या वळांतून सांगितलेला आहे. १९३१ साली मणिभवनात बाबासाहेबांनी गांधींना तोंडावर सांगितले होते की मला मायभूमी नाही. वरवर पाहता ही दोन विधाने उलटी दिसतात. नीट पाहिले तर दोन्हींतला प्रश्न एकच आहे : ज्याने देश उभारला, त्याला माणूस न मानणारा देश नेमका कुणाचा? बाबासाहेबांनी त्या देशाची राज्यघटना लिहून दावा ठोकला. या तिघांच्या हातात रेकॉर्ड होती, त्यांनी ती वापरली.

पुढच्या वर्षीचे ‘चॉइस ऑफ कलर्स’ मात्र आम्हाला पूर्ण पटत नाही. त्यात काळ्या-गोऱ्या दोघांनाही सारखेच प्रश्न विचारून सामंजस्याकडे वळण घेतले आहे. द्वेष करणारा आणि द्वेष सोसणारा यांना एकाच बाकावर बसवण्याची ही सवय आपल्याकडच्या ‘समरसता’वाल्यांचीही आहे. मेफील्डचा हेतू तसा नव्हता हे मान्य, आणि गाणे ऐकायला सुंदर आहे हेही मान्य.

आता ज्या मुद्द्यासाठी खरे तर आम्ही हा लेख लिहायला घेतला, तिकडे येतो. मेफील्डने १९६० च्या सुमारास, म्हणजे विशीही गाठण्याआधी, एडी थॉमस या मित्राबरोबर स्वतःची गीत-प्रकाशन कंपनी काढली. कर्टिस आणि थॉमस, म्हणून ‘कर्टॉम’. रेकॉर्ड विकणारी कंपनी गोऱ्यांची होती, पण गाण्याच्या लेखनाचा हक्क आपल्याच हातात ठेवायचा, हे त्या पोराला कळले होते. त्या काळातल्या कितीतरी कृष्णवर्णीय गायकांची गाणी मूठभर डॉलर देऊन कायमची लिहून घेतली जात होती, त्या पार्श्वभूमीवर हे पाहिले पाहिजे. १९६८ मध्ये तर त्याने कर्टॉम नावाने स्वतःची रेकॉर्ड कंपनीच सुरू केली, ‘धिस इज माय कंट्री’ ही तिथलीच. मार्लेच्या ‘वन लव्ह’मध्ये ‘पीपल गेट रेडी’चा अंश होता. १९७७ मध्ये ‘एक्सोडस’वर ते पुन्हा आले तेव्हा शीर्षकात दोन्ही गाण्यांची नावे आणि श्रेयात मार्लेबरोबर मेफील्डचे नाव छापले गेले.

हे आपल्याशी कसे जोडलेले आहे? आंबेडकरी जलशाची परंपरा जगातल्या कोणत्याही प्रतिकारगीतांच्या परंपरेपुढे उणी नाही. नाशिकच्या भीमराव कर्डकांच्या जलशाचे मोल बाबासाहेबांनी आपल्या दहा सभांइतके मानले, असे आपल्याकडे सांगितले जाते. वामनदादांनी गावोगाव पायपीट करून हजारो गाणी दिली आणि आयुष्य हलाखीत काढले. कॅसेटच्या काळात ही गाणी घरोघरी गेली, आज ती मोबाईलवर, डीजेवर, लाखोंच्या संख्येने वाजतात. १४ एप्रिलला वस्तीत उभे राहून विचारा : हे जे आत्ता वाजते आहे ते कुणी लिहिले? मूळ चाल कुणाची? पैसा कुणाच्या खात्यात जमा होतो? वाजवणाऱ्या मुलांना यातले काहीच माहीत नसते, आणि दोष मुलांचा नाही. आपण शाहिरांचे पुतळे उभारण्याची मागणी करतो, त्यांच्या गाण्यांच्या हक्कांचे कागद कुणाकडे आहेत हे विचारत नाही. डीजे हवा की जलसा, या वादात दरवर्षी जितकी शक्ती खर्च होते तिच्या दहाव्या हिश्श्यात एक नोंदवही तयार होईल : गाणे, लिहिणारा, गाणारा, वर्ष, हक्क कुणाकडे. अजून अनेक गायक हयात आहेत. आमच्या भागात आम्ही हे काम सुरू केले आहे, हळूहळू चालते, पण चालते.

इम्प्रेशन्सचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. १९७० मध्ये मेफील्ड गटातून बाहेर पडून एकटा गाऊ लागला. त्याची १९७० ची ‘कर्टिस’ आणि १९७२ ची ‘सुपरफ्लाय’ या रेकॉर्डी त्याहून मोठ्या गाजल्या, आणि २००५ मध्ये कान्ये वेस्टने ‘टच द स्काय’साठी त्याच्याच ‘मूव्ह ऑन अप’चा तुकडा वापरला, त्यामुळे रॅप ऐकणाऱ्या आपल्या अनेक मुलांनी मेफील्ड नकळत ऐकलेला आहे. गुडन आणि कॅश गटाचे नाव घेऊन पुढेही गात राहिले. आणि ज्याच्या नावावरून पहिले भांडण झाले तो जेरी बटलर? तो १९८६ पासून २०१८ पर्यंत कुक काउंटीचा, म्हणजे शिकागो ज्या जिल्ह्यात येते त्याचा, निवडून आलेला कमिशनर होता. बत्तीस वर्षे. ‘शासनकर्ती जमात बना’ हे त्याला कुणी सांगितले नव्हते, पण केले त्याने तेच.

मेफील्डवर १३ ऑगस्ट १९९० ला ब्रुकलिनमधल्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात दिव्यांचा सांगाडा कोसळला. मानेखालचे सारे शरीर कायमचे लुळे पडले. काळ्या पट्ट्यांच्या सुरात लावलेली ती गिटार पुन्हा त्याला धरता आली नाही. १९९६ मध्ये ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ ही शेवटची रेकॉर्ड त्याने पाठीवर आडवे पडून, श्वास पुरेल तेवढी एकेक ओळ म्हणत पूर्ण केली. २६ डिसेंबर १९९९ ला तो गेला. कॅब्रिनी-ग्रीनच्या उंच इमारतींपैकी शेवटची २०११ मध्ये पाडली गेली. तिथल्या गरीब कुटुंबांची पांगापांग झाली आणि त्या जागेवर नवी घरे उभी राहू लागली. मुंबईतल्या पुनर्विकासात काम करणाऱ्यांना याहून जास्त सांगायला नको.

ज्यांना ऐकायचे आहे त्यांनी ‘पीपल गेट रेडी’पासून सुरुवात करू नये, असा आमचा सल्ला. ‘इट्स ऑल राइट’, मग ‘कीप ऑन पुशिंग’, मग गाडीचे गाणे, आणि लगेच ‘वी आर अ विनर’. क्रम वर्षांचाच आहे, तो मोडू नका. शेवटचे गाणे हेडफोन लावून ऐका. त्या रेकॉर्डीत तिघांच्या मागे जमलेल्या लोकांच्या टाळ्या आणि आरोळ्या ऐकू येतात. ही गाणी ज्यांची, ते लोक तिथे रेकॉर्डीतच हजर आहेत.